शेवटचा गाणा पुरा लाव

परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने मला सूचना द्यायला सुरुवात केली. आई, पायऱ्या सांभाळून उतर. आई, गोळ्या वेळेवर घे. आई, गॅस बंद केलास का ते दोनदा बघ. प्रत्येक सूचनेनंतर मी "व्हय म्हाराजा" म्हणत गेले आणि माझं मलाच कळलं नाही. तुम्ही दोघं खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलात. शेवटी रेवाने विचारलं, "आजी, हे तू काय म्हणतेस?"

याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. ही सवय मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लागली आणि ती कैतानबाबनी लावली. म्हणून आज तुमच्यासाठी कैतानबाबविषयी लिहिते. लिहिण्याआधी मुद्दे काढायचे ही माझी शाळेतली शिस्त. त्याप्रमाणे अकरा मुद्दे काढले. त्यांतले चार एकट्या त्यांच्या कोटाविषयी निघाले, तेव्हा तो कागद बाजूला ठेवला.

कैतानबाब आमचे शेजारी. आपल्या कट्टा गावात आपलं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे आणि गडग्यावरून गेलेली फणसाची एक फांदी आहे, जिच्यावरून दोन्ही घरं दरवर्षी भांडतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंचीने बेताचे, मान मात्र ताठ. केस खोबरेलाने मागे चप्प बसवलेले. मी इथल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अख्खा कट्टा मला टीचर म्हणतो. कैतानबाब माझ्याहून वयाने मोठे असूनही टीचरच म्हणतात.

तीस वर्षं ते मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात नाचाच्या बँडबरोबर होते. गावाची समजूत अशी, की ते तिथे वाजवत असत. मीही तसंच धरून चालले होते. एकदा गडग्यावरून विचारलं, "कैतानबाब, तुमचं वाद्य कुठलं?"

"माझा? इस्त्री."

"इस्त्री?"

"वाजपी पंधरा, सोळावो मी. कागद आणि कोट माझ्या ताब्यात. कोणाच्या म्होरे कुठलो सुरांचो कागद ठेवचो, खेळ संपल्यार गोळा करून नंबरवार पेटयेत घालूचो. आणि सोळा कोट इस्त्री करूचे."

"वाजवणारे पंधरा, मग कोट सोळा कसे?"

"माझो नको? पडद्यापाठी उभो ऱवलो म्हणान काय झाला? कोट तो कोट."

बँड बंद झाला तेव्हा बँडमास्तरांनी सगळ्या तबकड्या कैतानबाबना दिल्या. "तुका एक सूर येणा नाय, म्हणान तुका देतंय," ते म्हणाले म्हणे. "वाजपी लोकांक दिलंय तर ते ऐकून भांडतले." अशा रीतीने दोनशे अकरा तबकड्या आणि एक कोट कट्ट्याला आले.

तुम्हाला हे संगीत माहीत असण्याचं कारण नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं परदेशातलं नाचाचं संगीत. एका रांगेत पितळी तुताऱ्या, दुसऱ्या रांगेत सॅक्सोफोन, मागे ढोल, आणि पुढे एक गाणारा, जो इतक्या निवांतपणे गातो की जणू जेवण करून पान लावायला बसला आहे. आमच्या कॉन्व्हेंटात ते ऐकायला सक्त बंदी होती, त्यामुळे मला बरंचसं पाठ होतं.

तबकड्यांची यादी मीच करून दिली. क्रमांक, गायक, गाणं, प्रकृती असे चार रकाने. प्रकृतीचा रकाना लागलाच, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात माणसांबरोबर तबकड्यांनाही बुरशी धरते. दर दसऱ्याला कैतानबाब त्या एकेक करून रिठ्याच्या पाण्याने धुतात, जुन्या धोतराच्या फडक्याने टिपतात आणि पडवीत सावलीला ओळीने मांडतात. रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण विचारतो, "कैतानबाब, पापड काळे कसे पडले?" आणि कैतानबाब दरवर्षी तेवढेच चिडतात.

चौतिसाव्या क्रमांकापुढे मी 'वाकडी' असं लिहिलं आहे. त्यांच्या बायकोने, फातिमने, ती कोकमाच्या आगळाच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती आणि बरणी चुलीजवळ होती. आता ती लावली की गायकाचा आवाज वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. कैतानबाबनी ती टाकली नाही. पुढे रेडिओवर ते ती लावण्याआधी सांगायचे, "ह्यो बाबा होडयेत बसान गाता. आज दर्या खवळलेलो आसा. सांभाळून घेवा."

तर रेडिओ. पाच वर्षांपूर्वी इथल्या एका संस्थेने कट्ट्याच्या नाक्यावर, एका जुन्या इमारतीच्या माडीवर छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केलं. आवाज पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत पोचतो. कैतानबाबच्या मते तो कुणकेश्वरपर्यंत पोचतो आणि आरतीच्या घंटांच्या मधे मधे सॅक्सोफोन ऐकू येतो. याला पुरावा नाही. केंद्रावरचे कार्यक्रम उपयोगी असतात. काजूवरची कीड, भाताची रोपं, मुलांच्या लसी, दर्यावर्दींसाठी हवामान. रविवारी सकाळी अकरा ते साडेअकरा हा अर्धा तास मात्र कोणीच मागत नव्हतं, कारण त्या वेळी सगळा गाव नाक्यावर मासळी घेत असतो. तो अर्धा तास कैतानबाबनी मागितला. केंद्र चालवणारे सावंत सर कोणालाच नाही म्हणू शकत नाहीत. ते हो म्हणाले.

पहिल्या रविवारी कैतानबाब चर्चमधली मिसा आटोपून आले ते कोट घालून. मे महिना होता. माडीवरचा पंखा फिरायचा तेवढा फिरत होता.

"कैतानबाब," मी म्हटलं, "रेडिओवर कोट कोणाला दिसणार?"

"आवाजाक समाजता, टीचर."

मी यादी घेऊन स्टुडिओतल्या बाकावर बसले. लाल दिवा लागला. आणि कैतानबाबनी हात जोडून एकदम गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. आपल्याकडे कुठलंही काम सुरू करताना एक जाणता माणूस मोठ्याने देवाला सगळी परिस्थिती समजावून सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. दुजोरा मिळाला नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. सही नसलेल्या अर्जासारखं ते तिथेच पडून राहतं.

"बा देवा म्हाराजा," कैतानबाब कडाडले, "बारा पाचाच्या देवा म्हाराजा, आणि आमच्या सायबिणी माये! आज तुमच्या लेकरान ही तबकडी लावली हा..."

आणि थांबले. सगळीकडे शांतता. ते माझ्याकडे बघू लागले. मी यादीकडे बघू लागले. त्यांनी भुवया उंचावल्या. सगळ्या पंचक्रोशीच्या रेडिओवर त्या क्षणी काहीही ऐकू येत नव्हतं. शेवटी मी, वर्गात हजेरी देणाऱ्या नव्या मुलीच्या आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

कैतानबाबनी माइकवर हात ठेवला. "टीचर, देवाक कान आसत, पण तो लांब आसा."

दुसऱ्यांदा मी असं काही ओरडले की बाहेर सावंत सरांच्या हातातला चहा सांडला.

"जर तबकडीक चरो पडलो आसात, सुई अडाकली आसात, लाईट जावची आसात, तर ता समदा बाजूक सार आणि गाणा वाजान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेव्हापासून दर रविवारी दुजोरा माझ्याकडे आला. पुढे पाद्रीबाबांनी कैतानबाबना हळूच विचारलं, की मिसानंतर तीन तासांनी गावच्या देवाला आणि चर्चमधल्या सायबिणीला मिळून हे गाऱ्हाणं कशासाठी? कैतानबाब म्हणाले, "फादर, अर्ज दोन ऑफिसात दिलेलो बरो." फादर हसले आणि त्यांनी विषय सोडून दिला.

गाण्यांचे अर्थ लोकांना सांगायचे असं ठरलं होतं. कैतानबाबचं इंग्रजी हॉटेलच्या स्वयंपाकघरापुरतं. म्हणून मी प्रत्येक गाण्याचा अर्थ चार ओळींत नीट लिहून द्यायची. ते माझ्या ओळी वाचायचे आणि मग आपला अर्थ सांगायचे.

"ही बाई बोटीची वाट बघता," ते म्हणाले.

"नाही हो. ती चंद्राला विचारते आहे, की माझं मन कोणी मोडलं."

"चंद्र आसा ना?"

"चंद्र आहे."

"चंद्र म्हणजे भरती. भरती म्हणजे बोट. टीचर, तुमी दर्यापासून लांब शिकलास."

कार्यक्रम उपयोगी असावा असा सावंत सरांचा नम्र आग्रह होता. त्यामुळे एकदा कैतानबाब रेडिओवर म्हणाले, "ही बाई सांगता, तू गेलंस आणि माझा काळीज सुकला. काळीज सुकूक नको. कोकमाची सोला मात्र कडकडीत सुकाक व्हयी, नायतर पावसात कुजतली." मोठा बँड लागला की म्हणायचे, "ऐका. पंधरा माणसा एकाच वेळेक फुकतत आणि एकाचा दुसऱ्याक लागणा नाय. आमच्याकडे पाच पंच एका बाकड्यार बसान दाखवा." शेवटची तबकडी नेहमी एकच असायची. हॉटेलात बँड रोज ज्या गाण्याने उठायचा ते गाणं. पण कैतानबाब बोलण्यात इतका वेळ घालवायचे की ते गाणं निम्म्यावर आलं की साडेअकरा वाजायचे आणि यंत्र आपोआप समुद्राच्या हवामानावर जायचं. गायक "माझ्या लाडके" म्हणून दम घेई आणि लगेच कोणीतरी सांगे, की वारे ताशी अमुक वेगाने वाहतील.

तीन वर्षं हे चाललं. आणि तीन वर्षांत गावातल्या एकाही माणसाने कार्यक्रम आवडला असं म्हटलं नाही.

इथे मला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण तुमच्या तिकडे साधा फळा पुसला तरी मुलांना शाबासकी मिळते. आपल्याकडचा माणूस तोंडावर चांगलं म्हणत नाही. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, शिवाय समोरचा डोक्यावर बसतो. माशाची कढी अमृतासारखी झाली, तर जेवणारा बोटं चाटून एवढंच म्हणतो, "मीठ बरा पडला." याच्यापेक्षा मोठं बक्षीस मालवणीत नाही. आणि ते चाळीस वर्षांच्या संसारात एखादी-दुसरीलाच मिळतं.

फातिम तर या बाबतीत गावाच्या पुढे. "सकाळधरून पों-पों, पों-पों," ती गडग्यावरून मला सांगायची. "बरा झाला, मशीन आणि तबकडये घेवन रेडिओर गेलो. माझे कान सुटले." रविवारी मी केंद्रावर जायला निघाले की ती घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची. केंद्रावरचं पों-पों घरात येऊ नये म्हणून, असं आम्ही समजत होतो.

मग केंद्राला पैसे पुरवणाऱ्यांकडून पत्र आलं. प्रत्येक कार्यक्रम लोकांना आवडतो की नाही, हे पाहायला एक साहेब येणार. केंद्रावर फोन करून लोकांनी मत सांगायचं आणि ते दोन वह्यांत नोंदवायचं, एक पसंतीची, एक तक्रारींची. ज्याला पसंती नाही तो कार्यक्रम बंद. रविवारच्या अर्ध्या तासात पाण्याच्या पंपांची निगा या विषयावरची तयार भाषणं लावायची, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

महिनाभराने सावंत सरांनी मला पसंतीची वही दाखवली. दोन नोंदी होत्या. एक माझी. दुसरी 'एक रसिक, कट्टा' यांची. फोन न करता या रसिकाने स्वतः येऊन लिहून ठेवलं होतं, आणि ते अक्षर कैतानबाबचं होतं.

"आणि तक्रारींची वही?" मी विचारलं.

सावंत सरांनी ती पाठीमागे लपवली. "टीचर, ती भरली. दुसरी आणली."

मी हे कैतानबाबना सांगितलं नाही, पण गावात काय लपतं? त्या आठवड्यात त्यांनी कोटाला तीनदा इस्त्री केली. शनिवारी संध्याकाळी गडग्याशी आले आणि फणसाच्या फांदीविषयी काहीही न बोलता उभे राहिले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

"टीचर, अर्धो तास गेलो तर कोट खंय घालूचो?"

"मिसाला घाला."

"मिसाक घातलंय तर लोक इचारतले कोण मेलो." मग कोंबड्यांकडे बघत म्हणाले, "तीस वर्सा पडद्यापाठी होतंय. वाईट नाय वाटला. पण ह्या अर्ध्या तासात मी बोलतंय आणि कोण तरी ऐकता, असा माका वाटता होता. ऐकता मा कोण?"

मी शिक्षिका. उत्तर माहीत नसताना दिल्यासारखं करायचं नाही, हा माझा नियम.

साहेब रविवारीच आले. पुण्याचे, सभ्य, पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन. माझी ओळख झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. श्रोत्यांच्या वतीने आपल्याशीच बोलतो," आणि मला शेजारच्या ऑफिसात बसवलं. मधे काच. काचेपलीकडे कोट घातलेले कैतानबाब. बाकावर कोणी नाही. खिडक्या उघड्या, कारण पंखा बंद पडला होता.

अकरा वाजले. लाल दिवा लागला.

"बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या देवा म्हाराजा, आणि आमच्या सायबिणी माये!"

माझं तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी साहेबांनी विचारलं, "आपलं शिक्षण?"

"एम. ए.," मी म्हटलं.

काचेपलीकडे कैतानबाब थांबले होते. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. दुजोऱ्याशिवाय पुढचं वाक्य म्हणणारा माणूस तो नव्हे. एक सेकंद गेला. दोन गेले. सावंत सर अर्धवट उठले. साहेबांनी घड्याळाकडे पाहून फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी खुर्ची मागे सारली.

आणि खालून, नाक्यावरून, खिडकीतून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

एक-दोघांचा नव्हे. मासळीवाल्या बायका, चहावाला, शिंपी, एसटीची वाट बघणारी माणसं, सगळ्यांचा मिळून. साहेबांच्या बाटलीतलं पाणी हललं. मी खिडकीशी गेले. प्रत्येक दुकानात रेडिओ चालू होता. मासळीवाल्या बायजाक्काने तर आपला रेडिओ बर्फाच्या पेटीवर ठेवला होता आणि हातातला कोयता तसाच धरून ती वर बघत होती. म्हणजे मी तीन वर्षं वर बसून एकटी ओरडत होते, तेव्हा खाली दर रविवारी हे असंच चालत होतं. माडीवरचा पंखा इतका घरघरायचा की मला कधी ऐकूच आलं नाही.

कैतानबाबनाही ऐकू आलं नव्हतं. ते क्षणभर खिडकीकडे बघत राहिले. मग मान आणखी ताठ झाली.

"आज पुण्यासून पावणो इलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका वाटता, ही गाणी कोण ऐकणा नाय म्हाराजा!"

इथे जरा कुजबुज झाली. एवढी उघड कबुली द्यावी की नाही, असा प्रश्न खाली पडला असावा. पण गाऱ्हाण्याला दुजोरा न देणं त्याहून वाईट.

"व्हय म्हाराजा!"

"जर कोणाची तोंडा शिवलेली आसात, तर ती उसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि वर बायजाक्काचा एकटीचा आवाज, "आणि म्हाताऱ्याची बडबड कमी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सर्वांत मोठा दुजोरा मिळाला.

साहेबांनी तक्रारींची वही मागितली. सावंत सरांनी दोन्ही दिल्या. त्यांनी प्रत्येक फोन जसाच्या तसा उतरवला होता. साहेब मोठ्याने वाचू लागले, आणि त्यांचे पुणेरी उच्चार मालवणीत अडखळत होते.

"'गेल्या आयतवारी तुतारे कमी होते. तुतारे वाजल्याबिगर आमची म्हस तळ्यातसून उठणा नाय.' 'बाबा बोलता जास्त, वाजयता कमी.' त्याच माणसाचा पुढल्या रविवारी: 'आज बाबा बोलाक नाय. तब्येत बरी आसा मा?' 'गाण्यातली बाई चार आयतवार रडता. तिचो घोव परत इलो काय नाय ता एकदा सांगून टाका.' 'तुमच्या गाण्यापायी बांगडे जळले. घोवान इचारल्यान, तो पण तेच गाणा ऐकत होतो म्हणान वाचलंय.'"

साहेबांनी चष्मा काढला. "या एका बाई आहेत. नाव देत नाहीत. दर रविवारी साडेअकराला फोन. एकच तक्रार. 'शेवटचा गाणा पुरा लाव म्हणून सांग.'"

"पंपांच्या भाषणांविषयी काही तक्रारी आहेत का?" त्यांनी सावंत सरांना विचारलं. ती भाषणं बुधवारी आधीच लागत होती.

"एकही नाही साहेब."

"का?"

सावंत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी स्पष्ट उत्तर दिलं. "ती कोणी ऐकत नाही साहेब."

तेवढ्यात शेवटचं गाणं लागलं, गायकाने दम घेतला आणि यंत्र हवामानावर गेलं. मिनिटभरात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनीच उचलला आणि स्पीकर लावला.

"मेल्यांनो, आज पण तोडलास? शेवटचा गाणा पुरा लाव म्हणून किती वेळा सांगू?"

"आपलं नाव काय?"

"नाव घेवन काय पूजा घालतलंस? गाणा पुरा लाव."

बाईच्या आवाजामागे एक कुत्रा भुंकत होता. तो आपला मोत्या होता. असं तीनदा भुंकून शिंकणारा दुसरा कुत्रा या तालुक्यात नाही. बाई आपल्या गडग्याच्या पलीकडून बोलत होती. काचेपलीकडे कैतानबाब तबकडी पुसत होते.

साहेबांनी तक्रारींच्या वहीवरचं 'तक्रारी' हे नाव खोडलं. त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तिथे नुसतीच सही केली. कार्यक्रम राहिला. समुद्राचं हवामान पाच मिनिटं पुढे सरकलं.

संध्याकाळी मी गडग्याशी उभी राहिले. फातिम कोंबड्या कोंडत होती.

"फातिम, शेवटचं गाणं एवढं कशाला हवं होतं तुला?"

"कोण म्हणता माका व्हया होता?"

"मोत्या म्हणतो. फोनवर भुंकत होता."

तिने खुराड्याची कडी घातली, काढली, परत घातली.

"हाटेलाच्या पाठल्या दारात उभी ऱवय मी," ती म्हणाली. "शनवारी हो सुटलो काय दोघाय घराक जावचा म्हणान. आत आमका सोडीत नसत. पण गाणा ऐकाक येय. शेवटचा गाणा लागला काय दारवान येवन दार बंद करी. तीस वर्सा ऐकलंय, टीचर. पण ता गाणा संपता कसा, ता माका ठावक नाय."

"मग घरी का नाही लावायला सांगितलंस? तबकडी तुमच्याच घरात होती."

"चाळीस वर्सा पों-पों म्हटलंय. आता खंयच्या तोंडान सांगू?" मग एकदम, "आणि तुमची ती फणसाची फांदी तोडा बघू आधी."

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. मी दुजोरा देऊन स्टुडिओतून बाहेर आले होते आणि खिडकीशी उभी होते. अकरा पंचवीसला फातिम नाक्यावर आली. रविवारी या वेळेला ती नाक्यावर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. हातात मासळीची पिशवी. शेवटचं गाणं लागलं तेव्हा ती बायजाक्काच्या टोपलीपुढे बांगड्यांचे डोळे बघत होती. साडेअकरा वाजले. गायकाने दम घेतला. पुढे गायला. बायजाक्का भाव सांगत होती, पण फातिम ऐकत नव्हती. तिने एक बांगडा शेपटीला धरून तसाच हवेत धरला होता. सगळ्या तुताऱ्या एकदा वर गेल्या, मग एकेक करून गप्प झाल्या, आणि शेवटी एकटा सॅक्सोफोन उरला, तोही संपला. तिने बांगडा हळूच टोपलीत ठेवला.

कैतानबाब जिन्यावरून खाली आले. कोट, तेल, ताठ मान. तिला बघून थबकले. तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचा, मला तरी न दिसलेला, एक दोरा काढला.

"गाणा कसा झाला?" त्यांनी विचारलं.

फातिमने पिशवी त्यांच्या हातात दिली.

"मीठ बरा पडला," ती म्हणाली, आणि दोघं बांगडे घ्यायला वळली.